जाळ्यावरील चित्रमुद्रण : साठवण आणि पुनर्दर्शन

सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसविण्याचा आदेश दिला. त्यांचे चित्रमुद्रण अठरा महिने जपून ठेवावे. तेवढ्या क्षमतेची यंत्रे बाजारात उपलब्ध नसल्यास शक्य तितका अधिक काळ, परंतु एक वर्षाहून कमी नाही, असे बंधनही घालण्यात आले. कोठडीतील नागरिकाच्या हक्कांचे रक्षण अशा मुद्रणावर अवलंबून असते. म्हणूनच हे चित्र कसे साठविले जाते आणि वर्षभराने मागितल्यास ते पुन्हा दिसेल काय, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

संपीडन कशासाठी?

आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असलेल्या एका चित्रात सुमारे २१ लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्यास २४ बिट आणि सेकंदास २५ चित्रे धरल्यास दर सेकंदाला सुमारे १,२४४ मेगाबिट माहिती तयार होते. एवढा भार वाहणे परवडणारे नसल्याने माहितीचे आकारमान घटविण्यात येते. यालाच संपीडन म्हणतात. २००३ मध्ये मान्यता पावलेल्या एच.२६४ या पद्धतीत ठरावीक अंतराने एक पूर्ण चित्र पाठविले जाते व मधल्या काळात प्रामुख्याने झालेले बदल तेवढे पाठविले जातात. रिकाम्या व्हरांड्याची भिंत प्रत्येक वेळी नव्याने पाठविण्याचे कारण उरत नाही. त्यामुळे अनेकदा सेकंदाला ४ मेगाबिट पुरतात.

प्रवास व साठवण

हा प्रवाह लहान लहान पाकिटांच्या रूपाने जाळ्यातून जातो. प्रत्येक पाकिटावर अनुक्रमांक व कालमुद्रा असल्याने मागेपुढे आलेली पाकिटे क्रमाने लावता येतात आणि हरवलेलेही ओळखता येते. पूर्ण चित्राचे पाकीट हरवल्यास पुढील पूर्ण चित्र येईपर्यंतची दृश्ये बिघडू शकतात. यास्तव मुद्रणासाठी हरवलेले पाकीट पुन्हा मागविणारी प्रेषणपद्धती हितावह ठरते.

मुद्रणयंत्राने आलेला प्रवाह आहे तसाच साठवावा. तो उलगडून पुन्हा संपीडित केल्यास तपशील कमी होतो. चेहरा अथवा वाहनाचा क्रमांक अस्पष्ट होण्याचा संभव असतो.

पुनर्दर्शन

अमुक वाजताचे दृश्य मागितले असता यंत्र त्या क्षणाअगोदरचे पूर्ण चित्र शोधते आणि तेथून बदल जोडीत इष्ट क्षणापर्यंत येते. पूर्ण चित्र दर दोन सेकंदांनी असेल, तर फार तर पन्नास चित्रे उलगडावी लागतात.

घ्यावयाची दक्षता

सेकंदाला ४ मेगाबिट या दराने एका कॅमेऱ्यास दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट आणि अठरा महिन्यांस जवळजवळ २४ हजार गिगाबाइट जागा लागते. जागा भरताच बहुतेक यंत्रे सर्वांत जुने मुद्रण पुसून त्यावर नवे लिहितात. म्हणून खरेदीपूर्वीच हा हिशेब करणे आवश्यक आहे. सर्व कॅमेऱ्यांची घड्याळे एकाच प्रमाणवेळेशी जुळविलेली असावीत. अन्यथा दोन दृश्यांचा मेळ बसत नाही. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात मुद्रणाचे हॅश मूल्य नमूद करावे लागते. मुद्रणात एका बिटाचा बदल झाला तरी हे मूल्य बदलते.

शाळा, ग्रामपंचायती व कार्यालये येथील कॅमेऱ्यांच्या बाबतीतही अशीच दक्षता उपयोगी पडते. दरमहा एखाद्या जुन्या दिवसाचे मुद्रण प्रत्यक्ष लावून पाहिल्यास यंत्रणेतील दोष वेळीच लक्षात येतो.