गोष्ट कशी उभी राहते?

‘गोष्ट सांगता येते, पण ती रचायला शिकवता येते का?’ असा प्रश्न शिक्षकमंडळी नेहमी विचारतात. माझे उत्तर असे की, प्रतिभा शिकवता येत नाही; पण गोष्टीची बांधणी जरूर शिकवता येते. घर बांधणाऱ्या गवंड्याला कुठे कोणी प्रतिभा विचारतो? पण पाया कुठे घ्यावा, तुळई कशावर टेकवावी, हे त्याला ठाऊक असावेच लागते.

मुलांना ‘एक गोष्ट लिहा’ म्हटले की बहुतेक वह्यांतून काय येते? सखाराम बाजाराला गेला. मग त्याने बैल पाहिले. मग त्याने भाकरी खाल्ली. मग तो घरी आला. ही झाली हकिगत. ही वाचताना ‘पुढे काय?’ असे कुणाला वाटत नाही.

आता हेच जरा निराळे सांगू. पेरणी आठ दिवसांवर आली आणि सखारामचा एक बैल दगावला. म्हणून तो बाजाराला गेला. मनाजोगता बैल मिळाला, पण गाठीचे पैसे निम्मेच! आता तुम्ही कान टवकारलेत ना? फरक कशाने पडला? ‘मग’च्या जागी ‘म्हणून’ आणि ‘पण’ आले. ‘म्हणून’ने एक घटना दुसरीला जोडली जाते आणि ‘पण’ने वाट अडते. वर्गात पहिला धडा हाच द्यावा : गोष्टीतले ‘मग’ शोधा, आणि जिथे जमेल तिथे ‘म्हणून’ किंवा ‘पण’ घालून पाहा.

दुसऱ्या धड्याला आपली म्हातारी आणि तिचा भोपळा घ्या. ही गोष्ट ज्याने ऐकली नाही असे मूल महाराष्ट्रात विरळाच. फळ्यावर तिचे भाग पाडा. म्हातारीला लेकीकडे जायचे आहे. ही झाली इच्छा. वाटेत वाघ-कोल्हा आडवे येतात; ही अडचण. ‘लेकीकडून धष्टपुष्ट होऊन येते, मग मला खा,’ अशी बोली करून ती सुटते. इथे मुलांना थांबवून विचारा : म्हातारी सुटली, मग गोष्ट संपली का? नाही. कारण परतीची वाट तीच आहे! लेकीकडे ती तूप खात असते, तेव्हाही ऐकणाऱ्याच्या मनात वाघ बसलेलाच असतो. ही टांगती काळजी म्हणजे गोष्टीचा प्राण. पुढे भोपळ्याची युक्ती येते आणि शेवट होतो. शेवट सांगणाऱ्यागणिक थोडा बदलतो. पण आधी केलेली बोली कोणीच विसरत नाही.

हे काही परदेशातून आणलेले शास्त्र नव्हे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात नाटकातील कार्याच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत : आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम. म्हणजे इच्छा धरणे, खटपट करणे, आशा दिसणे, यशाची खात्री पटणे आणि फळ हाती येणे. म्हातारीचा प्रवास या पाच पायऱ्यांवर ठेवून पाहा, चांगला बसतो. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलनेही शोकनाट्याच्या कथानकाला आदि, मध्य आणि अंत हवा असे सांगितले. हे तिन्ही भाग एकमेकांतून निघाले पाहिजेत, हा त्यातला मुद्दा.

तिसरा धडा मुलांच्या स्वतःच्या गोष्टीचा. पुष्कळ मुलांना वाटते की गोष्ट म्हणजे राजा, राक्षस, नाहीतर मुंबई. आपल्या आळीत कसली आली आहे गोष्ट! अशा मुलाला तीन प्रश्न विचारावेत : तुला काय हवे होते? आड काय आले? तू काय केलेस? हरवलेली शेळी, आटलेली विहीर, परीक्षेच्या दिवशी चुकलेली एस.टी., यांतून गोष्टी निघतात. आधी तोंडी सांगू द्या, लेखणी नंतर. सांगताना ज्या ठिकाणी वर्ग चुळबुळ करू लागेल, तिथे काहीतरी जास्तीचे आहे असे समजावे.

मात्र एक सांभाळा. साचा हा आधारासाठी असतो, वेलीला मांडव असतो तसा. मूल त्याच्याबाहेर गेले तर लाल शाई उचलू नका. जमले आहे का, एवढेच पाहा. आणि ‘तात्पर्य’ शेवटी चिकटवण्याची घाई नको. गोष्ट नीट बांधली असली, तर ऐकणारा तात्पर्य आपले आपण घरी घेऊन जातो.

कुणी म्हणेल, सगळ्यांना कुठे लेखक व्हायचे आहे? खरे आहे. पण पीक बुडाल्याची तक्रार कचेरीत मांडायची असो, ग्रामसभेत बोलायचे असो, की डॉक्टरांना दुखणे सांगायचे असो, कशामुळे काय झाले आणि कुठे अडले हे ज्याला सुसंगत सांगता येत नाही, त्याचे खरे गाऱ्हाणेही ऐकणाऱ्यापर्यंत पोचत नाही. गोष्ट बांधायला शिकलेला मुलगा उद्या आपली बाजू मांडायला उभा राहील, तेव्हा त्याचे शब्द अडखळणार नाहीत. एवढ्यासाठी तरी आठवड्यातला एक तास गोष्टीला द्यावा.