राउटरमधल्या अनोळखी ओळी

वायफायचा पासवर्ड बदलायला राउटरचे पान उघडले की कुठेतरी 'राउटिंग टेबल' नावाचा तक्ता दिसतो. त्यात आपण कधी न टाकलेले पत्ते असतात. मग डिंडोलीतले आपले सभासद आम्हाला विचारतात, कोणी आत शिरले का? बहुतेक वेळा नाही. हा तक्ता राउटर स्वतःच भरतो.

पोस्टात पिनकोड पाहून टपाल वेगळे करतात, तसेच हे काम. ३९४ चे पाकीट इकडच्याच भागात राहील, ४२४ चे धुळ्याला आणि ४२५ चे जळगावकडे जाईल. तक्त्यातली १९२.१६८.१.० सारखी ओळ म्हणजे आपले घर: मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप. १२७ ने सुरू होणारी ओळ राउटरची स्वतःसाठीची. २२४ किंवा २३९ ची ओळ एकच निरोप अनेक उपकरणांना देण्यासाठी.

०.०.०.० पाहून लोक सर्वांत जास्त दचकतात, आणि तीच सर्वांत कामाची. जो पत्ता दुसऱ्या कुठल्याही ओळीत बसत नाही, तो या ओळीने इंटरनेट कंपनीकडे जातो. ती पुसली की इंटरनेट बंद!

१००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला तर तो कंपनीचा. जगातले जुन्या पद्धतीचे पत्ते कमी पडले, म्हणून अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. त्यासाठी हा गट २०१२ मध्ये राखून ठेवला गेला. गावाला गेल्यावर घरचा कॅमेरा थेट दिसत नाही, त्याचे एक कारण हेच असते.

शंका घ्यायची ती 'स्टॅटिक रूट' या पानावर. तिथे हाताने टाकलेली ओळ असेल आणि घरच्यांनी किंवा कंपनीच्या माणसाने ती टाकली नसेल, तर चौकशी करावी. त्याहून महत्त्वाचे डीएनएस. तो बदलला तर बँकेचे नाव टाइप करूनही खोट्या पानावर जाता येते, आणि राउटिंग टेबलमध्ये त्याचा मागमूस नसतो. म्हणून राउटरचा मूळ ॲडमिन पासवर्ड बदला आणि 'रिमोट मॅनेजमेंट' बंद ठेवा.

फोनवर कोणी "तुमच्या राउटरमध्ये हॅकर आहे" म्हणत स्क्रीन दाखवणारे ॲप टाकायला सांगितले, तर सरळ फोन ठेवावा. पैसे गेलेच तर बँकेला कळवा आणि वेळ न घालवता १९३० वर तक्रार नोंदवा.