दार लागले, पण खिटी बसली का?

“मी घरी विमान बांधतो” असे सांगितले, की ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो आणि मग कीव आल्यासारखा सौ.कडे! पण वाचकहो, यात वेडेपणा काही नाही. कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेले विमान २०१६ साली मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात पुष्कळांनी पाहिले असेल. मी राहतो त्या अमेरिकेत तर हा रूढ छंद आहे. निम्म्याहून अधिक काम स्वतः केले, तर कायदा अशा विमानाला मान्यता देतो. माझे विमान ‘आरव्ही-१०’, चौघांचे. भाग कारखान्यातून येतात; जोडणी आपली.

तुम्हाला वाटेल, इंजिनाने घाम काढला असेल. छे! इंजिन तयार मिळते. घाम काढला दोन दारांनी.

ही दारे मोटारीसारखी उघडत नाहीत. बिजागऱ्या छताला असतात आणि दार पंखासारखे वर उचलते. फायबरग्लासची दोन कवचे चिकटवून ते तयार करायचे, तेही चौकटीवर दाबून धरून, म्हणजे सुकताना दार चौकटीचाच बाक घेते.

मग कड घासणे. पावसाळ्यात दार फुगले, की आपला सुतार जपून रंधा मारतो. जास्त गेलेले लाकूड परत येत नाही. इथेही तेच. कड कुठे अडते ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून चौकटीला सौ.ची लिपस्टिक फासायची, दार मिटून उघडायचे आणि लाल डाग उठेल तेवढ्याच जागी पॉलिश पेपर चालवायचा. पुन्हा लाली, पुन्हा डाग! आणि ती धूळ म्हणजे खाजकुइलीची सख्खी बहीण.

“अहो, स्वयंपाकघराचे दार दोन वर्षे कुरकुरतेय, त्याचे काय?” सौ.ने विचारलेच.

पण स्वयंपाकघर ताशी ३०० किलोमीटर वेगाने जात नाही! फुगीर छतावरून हवा अधिक वेगाने वाहते, तिथला दाब घटतो आणि आतली हवा दाराला बाहेर लोटते. या वेगाला समोरच्या वाऱ्याचा जोर चौरस मीटरला सुमारे ४०० किलो असतो. त्याच्या चौथाईइतकी ओढ लागली, तरी जवळपास चौरस मीटरभराच्या दारावर क्विंटलभराचा भार आला.

हा भार पेलतात दोन खिट्या. हँडल फिरवले, की एक पुढे आणि एक मागे चौकटीत शिरते. खरी गोम इथेच आहे. कधी पुढची बसते, मागची बाहेरच राहते. दार मात्र लागलेले दिसते. विमान उडाल्यावर मागची कड उचलते, खाली वारा शिरतो आणि दार उखडते. काहींची दारे अशी हवेत गेलीही. म्हणून २०१० साली कारखान्याने मधोमध आणखी एक कडी बसवायला सांगितले.

ती मी बसवलीच. शिवाय खिट्यांच्या भोकांमागे स्विच ठेवले. चारही खिट्या पुऱ्या शिरल्याखेरीज समोरचा तांबडा दिवा विझत नाही.

तरी दिव्यावर सगळा भरवसा नको. मागे बसणाऱ्याने खिटी डोळ्यांनी पाहून “बसली” म्हणायचे, असा आमचा नियम आहे. हे काम धाकटीकडे दिले आहे. दोन्ही बाजूंना तिचा होकार आल्याशिवाय विमान जागचे हलणार नाही.