‘सावत्र’ हा शब्द खोडू नका

घटस्फोटित किंवा विधवा मुलीचं दुसरं लग्न ठरलं, की पूर्वी ‘मूल राहील आजीकडे’ असं परस्पर ठरून जायचं. आता मुली ठणकावून सांगतात, येईन तर लेकरासकट. अमेरिकेत स्थायिक झालेला नवरामुलगाही ‘हो’ म्हणतो. पण त्याचं ‘हो’ वेगळं आणि तिथल्या सरकारचं ‘हो’ वेगळं. मधे असते कागदांची फाईल.

आमच्या महिला मंडळाच्या सल्ला केंद्रात गेल्या वर्षी अशीच एक जण आली. वय ३६, घटस्फोटित, पदरी १४ वर्षांचा मुलगा. दुसरा नवरा न्यू जर्सीतला, मूळचा आपल्याकडचाच, पण आता अमेरिकेचा नागरिक. तिची समजूत अशी, की नवऱ्यानं बायकोसाठी अर्ज केला की मूल आपोआप तिच्याबरोबर जातं. नाही हो जात! नवरा नागरिक असेल तर बायकोचा अर्ज वेगळा आणि मुलाचा वेगळा. फॉर्म एकच, ‘आय-१३०’, पण दोनदा भरायचा, फीसुद्धा दोनदा. (नवऱ्याकडे नुसतं ग्रीन कार्ड असेल तर मूल आईच्या अर्जात जाऊ शकतं.) कायद्यात अट एकच मोठी आहे. आईचं हे लग्न मुलाला १८ पूर्ण होण्याआधी झालेलं हवं. मूल दत्तक घ्यावं लागत नाही. सावत्र बापाला ‘सावत्र बाप’ म्हणूनच अर्ज करता येतो.

आणि नेमकं इथेच घरच्यांनी घोळ घालायला घेतला होता. आजीचं म्हणणं, पोराच्या नावापुढे नव्या बापाचं नाव लावून टाका, म्हणजे कटकट नको. मामाला एक एजंट भेटला होता. तो जन्मदाखल्यावरचं वडिलांचं नावच ‘बदलून’ द्यायला तयार! आपल्याकडे मधलं नाव बापाचं, त्यामुळे हा मोह होतो, हे मी समजू शकते. मुलगा कोपऱ्यात बसून ऐकत होता. एकदम म्हणाला, “म्हणजे माझे बाबा नव्हतेच असं लिहायचं का?” सगळे गप्प झाले.

मी सांगितलं, काहीही खोडायचं नाही. वकिलातीला खोटा सख्खा बाप नकोय, खरा सावत्र बाप चालतो. जन्मदाखल्यावर एक बाप, शाळेच्या दाखल्यावर दुसरा, असं दिसलं की संशय आलाच. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचा ठपका बसला तर त्या देशाचं दार कायमचं बंद होऊ शकतं. एका आडनावाच्या हौसेपायी एवढी जोखीम कशाला? एजंटाला तिथल्या तिथे नारळ दिला.

मग कागद काढायला बसलो. मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव हवं, कारण या नात्याचा सगळा धागा आईतूनच जातो. दाखला पाहिला तर मुलाच्या नावाची जागाच कोरी! आपल्याकडे दवाखान्यातून नोंद जाते तेव्हा बारसं झालेलं नसतं आणि पुढे कुणी फिरकत नाही. नाव नंतर नोंदवता येतं, पण त्याला साधारण १५ वर्षांची मुदत असते. हा मुलगा चौदाचा, म्हणून वेळेत साधलं. तुमच्या घरातले दाखले आजच काढून बघा बरं. परदेशी जायचं नसलं तरी बघा.

खरी डोकेदुखी निघाली तिच्या स्वतःच्या नावाची. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव. पहिल्या लग्नात सासरच्यांनी हौसेनं पहिलं नावही बदललेलं, तेच मुलाच्या जन्मदाखल्यावर. आता पासपोर्टवर तिसरंच. आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही, पण परक्या अधिकाऱ्याला त्या तीन वेगळ्या बायका वाटणार. तेव्हा माहेरचा दाखला, नावबदलाचं गॅझेट, पहिल्या लग्नाचा उल्लेख असलेला घटस्फोटाचा हुकूमनामा, नव्या लग्नाचं प्रमाणपत्र, असा एकेक कागद पायरीसारखा रचला. (तांदळात नाव लिहिताना कुणाला ठाऊक असतं, की हे एवढं महागात पडेल!)

दोघांचीही आधीची लग्नं संपल्याचा पुरावा लागतो. तिचा घटस्फोटाचा आणि नवऱ्याच्या पहिल्या बायकोचा मृत्यूचा दाखला. घटस्फोट म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा, सही-शिक्क्याच्या नकलेसह. स्टँपपेपरवर नोटरीपुढे केलेली सोडचिठ्ठी घेऊन खूप बायका येतात, त्यांना सांगताना जीव तुटतो. रूढीनं चालत आलेली फारकत कायदा काही जमातींत मानतो, पण ती रूढी सिद्ध करायला शेवटी कोर्टच गाठावं लागतं. म्हणजे पहिलं लग्न कागदावर उभंच, आणि त्यावर दुसरं उभं केलेलं.

हिचा हुकूमनामा संमतीचा होता. त्यात मुलाचा ताबा आईकडे, हे स्पष्ट लिहिलेलं होतं. त्या एका ओळीनं पासपोर्टाचं काम सोपं केलं. नाहीतर अज्ञान मुलाच्या पासपोर्टासाठी दोन्ही पालकांच्या सह्या आणायच्या, आणि पहिला नवरा सही देईलच असं थोडंच आहे? घटस्फोटाच्या वाटाघाटी चालू असतील तर पोटगीच्या आकड्याइतकंच या ओळीकडे लक्ष द्या.

मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागतं. खाली भाषांतर करणाऱ्यानं ‘हे पूर्ण आणि बरोबर आहे, मला दोन्ही भाषा येतात’ असं लिहून सही करायची. आमच्याच कॉलेजच्या निवृत्त बाईंनी ते करून दिलं, एक पैसा न घेता. लग्न खरं आहे हे दाखवायला फोटो लागतात. तिनं अंतरपाटाचे, सप्तपदीचे ढीगभर काढले होते. मी म्हटलं, मुलगा आणि तो एकत्र आहेत असे काढ. असे तीनच निघाले. त्यातल्या एकात तो त्याला स्कूटरचा प्लग साफ करायला शिकवतोय, दोघांचेही हात काळे. तो वर ठेवला.

अर्ज मंजूर झाला तरी नवऱ्याला दोघांचा खर्च उचलायची हमी द्यावी लागते, प्रत्येकासाठी वेगळी. मग वैद्यकीय तपासणी आणि मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत, तिथे मूळ कागद दाखवायचे. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत तिथे पोचलं तर ग्रीन कार्ड दोनच वर्षांचं, अटीचं मिळतं, आईलाही आणि मुलालाही. ते संपण्याच्या आधीच्या ९० दिवसांत अट काढण्याचा अर्ज करायचा असतो. ही तारीख तिनं आत्तापासून वहीच्या पहिल्या पानावर लिहायची असं ठरवलंय.

दोन्ही अर्ज दाखल झालेत, दोन्हींच्या पावत्या आल्यात. मुलगा दहावीच्या अभ्यासाला लागलाय. वहीवर नाव घालताना मधे बाबांचंच नाव घालतो.