स्वस्त कार्ड खरोखर स्वस्त असते का?

संगणकावरील खेळातले चित्र सेकंदाला अनेकदा नव्याने रेखाटावे लागते. हे काम ग्राफिक्स कार्ड करते. २०१६ साली एनव्हिडिया कंपनीने ‘जीटीएक्स १०६०’ या एकाच नावाची दोन कार्डे काढली. एकात ६ गिगाबाइट स्मृती, म्हणजे मेमरी, आणि १२८० गणनघटक. सुरुवातीची किंमत २४९ डॉलर. दुसऱ्यात ३ गिगाबाइट आणि ११५२ गणनघटक. किंमत १९९ डॉलर. आता हिशेब करा. घटक १० टक्के कमी, पण किंमत २० टक्के कमी! मग लहान कार्डच फायद्याचे नाही का?

जरा थांबा. दृश्यांचा तपशील कार्डाच्या स्मृतीतून सेकंदाला १९२ गिगाबाइट या वेगाने मिळतो. ती पुरली नाही, तर उरलेला तपशील संगणकाच्या मुख्य स्मृतीतून आणावा लागतो. त्या वाटेचा वेग सेकंदाला सुमारे १६ गिगाबाइट, म्हणजे बारावा हिस्सा! मग चित्र अडखळते. हलके खेळ दोन्ही कार्डांवर चांगले चालतात. तपशीलवार खेळांत मात्र लहान कार्ड फार मागे पडते.

म्हणून जुने कार्ड घेताना नुसते नाव वाचू नका. स्मृती किती, हे आधी विचारा.