मूत्रपिंड नवे, विषाणू जुना

प्रत्यारोपित मूत्रपिंड परके ठरवून शरीराने नाकारू नये, यासाठी रुग्णाला टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट यांसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. परंतु त्याच शक्तीने वर्षानुवर्षे धाकात ठेवलेले विषाणू ही संधी साधून डोके वर काढतात. त्यांत सर्वांत उपद्रवी ठरतो तो सायटोमेगालो विषाणू, म्हणजेच सीएमव्ही. नागिणीच्या विषाणूचा हा भाऊबंद भारतात बहुतेकांच्या शरीरात लहानपणीच शिरून सुप्त राहत असल्याने, आपल्याकडे बाहेरच्या संसर्गापेक्षा आतलाच विषाणू जागा होण्याची भीती अधिक असते. ताप, जुलाब, न्यूमोनिया यांबरोबरच त्याच्यामुळे नवे मूत्रपिंड नाकारले जाण्याचा धोकाही वाढतो.

त्याला रोखण्याचे मार्ग दोन. एकात दर आठवड्याला पीसीआर तपासणीने रक्तातील विषाणू मोजून तो वाढताच उपचार करतात. दुसऱ्यात व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरच्या गोळ्या आधीपासूनच देतात. रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंडसारख्या गावातील रुग्णाचे प्रत्यारोपण मुंबई-पुण्याकडे झालेले असते. तेव्हा दर आठवड्याला नमुना पाठवणे, अहवाल वेळेत हाती येणे आणि लगेच उपचार सुरू होणे ही साखळी कुठेही तुटू शकते. अशा रुग्णासाठी गोळ्यांचा मार्गच अधिक भरवशाचा मानला पाहिजे.

मूत्रपिंड नीट चालत असल्यास ४५० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून एकदा जेवणासोबत घेतात. क्रिएटिनिन वाढल्यास मात्रा कमी करतात. गोळी तोडू किंवा कुटू नये, कारण तिची पूड गर्भाला अपायकारक ठरू शकते. पूर्वी संसर्ग झालेल्यांना हे औषध साधारण तीन महिने देतात; दात्याला संसर्ग होऊन गेलेला आणि रुग्णाला मात्र कधीच झालेला नाही, अशा जोडीत ते सहा महिने लागते. याच गटावरील 'इम्पॅक्ट' चाचणीत (२०१०) १०० दिवसांऐवजी २०० दिवस औषध दिल्यावर वर्षभरातील सीएमव्ही आजाराचे प्रमाण ३६.८ टक्क्यांवरून १६.१ टक्क्यांवर आले.

या औषधाने पांढऱ्या पेशी घटतात आणि मायकोफेनोलेटही त्याच पेशींवर घाला घालते. म्हणून रक्तगणना चुकवून चालत नाही, पण ती रत्नागिरीतही होऊ शकते. अशीच संधी साधणाऱ्या बीके या दुसऱ्या विषाणूवर मात्र खात्रीचे औषध अद्याप नाही. तिथे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधेच कमी करावी लागतात. ताप आला किंवा अंगात बळ उरले नाही, तरी रुग्णाने वा घरच्यांनी यांतील कोणतीही गोळी परस्पर बंद करू नये. प्रत्यारोपण केंद्राला त्याच दिवशी फोन करावा.