मनाई हुकूम हाती पडला, आता लढायचे की गप्प बसायचे?

घटस्फोट होऊन वर्ष उलटले आहे. एका संध्याकाळी दाराची बेल वाजते आणि न्यायालयाचा कागद हातात पडतो. माजी पत्नीला भेटायचे नाही, फोन करायचा नाही, निरोप पाठवायचा नाही, तिच्या घराजवळ किंवा ऑफिसात फिरकायचे नाही. त्याखाली आणखी एक ओळ : आठ वर्षांच्या मुलीच्या शाळेतही जायचे नाही.

रात्रीपर्यंत घरात सगळे गोळा होतात. काका म्हणतात, ''उद्याच वकील गाठ, आता सोडायचं नाही तिला!'' मेहुण्यांचे मत वेगळे, ''कागदाला काय भ्यायचं? तारखेला जाऊच नकोस.'' आणि आई पदराला हात पुसत म्हणते, ''मी बोलते तिच्याशी. माझं ऐकेल ती.''

हे कुटुंब काल्पनिक आहे. पण असे सल्ले आपल्या ओळखीचे आहेत. त्यातला सर्वात निरुपद्रवी वाटणारा, म्हणजे आईचा, सर्वात घातक ठरू शकतो. एरवी आपल्याकडे घरातले भांडण मिटवायला वडीलधारे मध्ये पडतात आणि त्यात काही वावगे नसते. पण आदेशात 'कोणत्याही प्रकारे संपर्क' करण्यास मनाई असेल, तर मुलाच्या सांगण्यावरून आईने केलेला फोनही त्यात धरला जाऊ शकतो.

हा कागद म्हणजे कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्याखालचा संरक्षण आदेश. कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे. घटस्फोट झाला म्हणजे त्याचा संबंध संपला, असे नाही. एके काळी एका घरात राहिलेल्या, लग्नासारख्या नात्यात असलेल्या स्त्रीलाही त्याचा आधार घेता येतो. बाईला धोका असल्याचे सकृद्दर्शनी दिसले, तर केवळ तिच्या प्रतिज्ञापत्रावरून, समोरच्याला न ऐकता, न्यायदंडाधिकारी अंतरिम आदेश देऊ शकतात. पुरुषाला हे अन्यायाचे वाटते. पण जिला रात्री-अपरात्री दार ठोठावले जाण्याची भीती आहे, तिने त्याची बाजू ऐकून होईपर्यंत थांबायचे कसे?

म्हणून पहिली गोष्ट ही, की असा अंतरिम आदेश म्हणजे गुन्हा शाबीत झाला असे नव्हे. मात्र आदेश मोडणे हा गुन्हा आहे, तोही दखलपात्र आणि अजामीनपात्र. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आदेश मोडला हे ठरवायला एकट्या पीडित स्त्रीची साक्षही न्यायालयाला पुरेशी वाटू शकते. तिनेच आपण होऊन फोन केला तरी आदेश रद्द होत नाही. फोन उचलू नये, त्याची नोंद ठेवावी आणि वकिलाला सांगावे.

आता मूळ प्रश्न. लढावे का?

अर्जातले आरोप वाचून माणूस चवताळतो आणि त्या रागातच निर्णय घेतो. त्यापेक्षा आधी आदेशातली कलमे एकेक करून वाचावीत आणि प्रत्येकापुढे लिहावे, याने माझे नेमके काय अडते? माजी पत्नीला फोन करायचा नाही, यात तसे काय बिघडते? पण मुलीच्या शाळेचे दार बंद होते, तिथे खरोखर काही गमावले जाते. भांडायचेच तर ते तिथे.

दुसरा प्रश्न अधिक अवघड, आणि तो वकिलासमोरच प्रामाणिकपणे सोडवावा. अर्जात लिहिलेले घडले आहे का? रागाच्या भरात एका रात्रीत वीस फोन केले असतील, तर त्यांची नोंद समोरच्याच्या मोबाइलमध्येही आहे. शपथेवर ते नाकारणे म्हणजे विहिरीतून निघून आडात पडणे. उलट आरोप मुळातच खोटे असतील, तर गप्प राहू नये. याच अर्जात पोटगी, घर आणि मुलाचा तात्पुरता ताबा हेही मागता येते. अशा वेळी संदेश पुसून टाकू नयेत, संपूर्ण जपावेत. आपल्याला अडचणीचे असलेलेसुद्धा.

मेहुण्यांचा सल्ला मात्र कधीच ऐकू नये. तारखेला गैरहजर राहिले की निकाल एकतर्फी लागू शकतो आणि अंतिम संरक्षण आदेशाला ठरलेली मुदत नसते. ती स्वतः रद्द करून मागेपर्यंत तो चालू राहतो. परिस्थिती बदलल्यास कोणत्याही पक्षाला बदल मागता येतो खरा. पण तो बदल आदेशानंतर झालेला असावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणजे जुने म्हणणे नंतर उकरून काढता येत नाही. सत्र न्यायालयात अपिलाला ३० दिवस मिळतात. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करावी. तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही, पुरुषांना साधारणपणे असते.

सगळेच नाकारणे आणि सगळेच सोसणे यांच्या मधेही एक वाट आहे. 'आरोप मान्य नाहीत, पण तिला संपर्क न करण्याबद्दल माझी हरकत नाही. मुलीला भेटण्याची व्यवस्था मात्र ठरवून द्यावी,' असे लेखी म्हणणे देता येते. मुलीच्या हिताला बाध येत नसेल, तर न्यायदंडाधिकारी भेटीची जागा आणि वेळ ठरवून देऊ शकतात. काकांना यात लढाई दिसणार नाही. पण कोर्टात जायचे ते काकांसाठी नव्हे.

आपल्या त्या काल्पनिक घरी सकाळी आई फोन खाली ठेवते आणि चहाला आधण ठेवते. मुलीचा वाढदिवस गुरुवारी आहे, तारीख पुढच्या सोमवारची. शाळेच्या फाटकाशी दोन मिनिटे उभे राहून खोका देऊन यावा, असे बापाच्या मनात दहादा येऊन जाते. तो वकिलाला विचारतो. वकील नाही म्हणतात. रंगीत कागदात बांधलेला खोका कपाटावर ठेवून तो अर्जाची झेरॉक्स काढायला बाहेर पडतो.